सोरायसिसचे औषध आपल्याला लागू पडेल का? पहिल्या काही आठवड्यांतील खुणा कशा ओळखाव्यात

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. तो स्पर्शाने, एकत्र जेवल्याने अथवा एकाच अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. या आजारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा प्रमाणाबाहेर सक्रिय होते, त्वचेच्या नव्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने तयार होतात आणि जाड, रुपेरी पापुद्र्यांचे चट्टे उठतात. भारतातील प्रौढ व्यक्तींमध्ये त्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत ०.४४ ते २.८ टक्के इतके आढळले आहे. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली या आजाराविषयी स्वतंत्र ठराव संमत केला.

चट्टे थोडे असतील तर मलमे पुरतात. ते अंगभर पसरले, सांधे धरू लागले, किंवा तळहात, तळपाय, डोके, गुप्तांग अशा अवघड जागी आले, तर डॉक्टर पोटात घ्यावयाच्या गोळ्या, प्रकाशोपचार किंवा इंजेक्शने सुचवितात. त्या दिवसापासून प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला जातो : हे औषध लागू पडणार की नाही, आणि ते कधी कळणार? हे पत्रक केवळ त्या प्रश्नासाठी आहे.

वाट पाहण्याची किंमत, आणि घाईचीही

जे औषध लागू पडत नाही ते महिनोन्महिने घेत राहणे म्हणजे लाभाविना त्याचे दुष्परिणाम सोसणे होय. यकृतावर भार पडतो, तपासण्यांचा खर्च होतो, कामावरच्या रजा जातात. सोरायसिस असलेल्या काही रुग्णांना सांध्यांचा सोरायसिसही होतो. त्यात योग्य उपचाराविना गेलेला काळ सांध्याची कायमची हानी करू शकतो. म्हणून निरुपयोगी औषध लवकर ओळखणे महत्त्वाचे आहे.

परंतु घाईचीही किंमत असते. मेथोट्रेक्सेट हे स्वस्त, अनेक दशकांच्या अनुभवाचे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत असलेले औषध आहे. ते चौथ्या आठवड्यात ‘गुण येत नाही’ म्हणून सोडून दिले, तर पुढच्या पायरीवरचे औषध बहुधा कित्येक पटींनी महाग असते. त्यांपैकी काही औषधांनी शरीरात सुप्त असलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो. बाह्यरुग्ण विभागात काम करताना प्रस्तुत लेखिकेला दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटले आहेत : वर्षभर एकच निरुपयोगी गोळी मुकाट्याने घेणारे, आणि पाच आठवड्यांत तीन डॉक्टर बदलणारे. संख्येने दुसरे अधिक होते.

आधी मोजणी, मग अंदाज

‘थोडे बरे वाटते’ यावरून काहीही भाकीत करता येत नाही. आजार किती होता आणि आता किती आहे, हे आकड्यात मांडावे लागते. त्यासाठी डॉक्टर ‘पासी’ नावाचा गुणांक वापरतात. तो १९७८ साली तयार झाला आणि आजही जगभरच्या अभ्यासांत हीच मोजपट्टी सर्वाधिक वापरली जाते. शरीराचे चार भाग केले जातात : डोके, हात, धड आणि पाय. प्रत्येक भागातील चट्ट्यांची लाली, जाडी आणि पापुद्रे यांना ० ते ४ गुण दिले जातात. त्या भागाचा किती हिस्सा व्यापला आहे, यासाठी ० ते ६ गुण असतात. हात-पाय आणि धड यांचे क्षेत्रफळ मोठे, डोक्याचे लहान. म्हणून डोक्याला ०.१, हातांना ०.२, धडाला ०.३ आणि पायांना ०.४ असे वजन देऊन बेरीज केली जाते. सर्वाधिक गुणांक ७२ होतो.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा एका रुग्णाच्या पायांवरील चट्ट्यांची लाली ३, जाडी ३ आणि पापुद्रे २ आहेत; बेरीज ८. पायांचा ३० ते ४९ टक्के भाग व्यापला आहे, म्हणून व्याप्तीचा गुण ३. आता ०.४ गुणिले ३ गुणिले ८ म्हणजे ९.६. याच रीतीने धडाची बेरीज ६ आणि व्याप्ती २ असल्यास ३.६, हातांची बेरीज ६ आणि व्याप्ती २ असल्यास २.४, आणि डोक्याची बेरीज ४ व व्याप्ती १ असल्यास ०.४. एकूण गुणांक १६.

पुढचे सर्व हिशेब या पहिल्या आकड्याशी ताडून होतात. १६ चा ८ झाला तर सुधारणा ५० टक्के, ४ झाला तर ७५ टक्के. औषध ‘चांगले लागू पडले’ असे म्हणण्यासाठी बहुतेक अभ्यासांत ७५ टक्के सुधारणेची रेघ धरली जाते; नव्या इंजेक्शनांसाठी ती ९० टक्क्यांपर्यंतही नेली जाते. पहिल्या दिवशीचा आकडाच केसपेपरवर नसेल, तर तीन महिन्यांनी कोणताही तज्ज्ञ सुधारणेचे प्रमाण सांगू शकत नाही. म्हणून औषध सुरू होण्याच्या दिवशी, ‘माझा आजचा गुणांक लिहून द्याल का?’ असे विचारण्यास संकोच करू नका. गुणांक काढणे शक्य नसेल तर निदान किती तळहात भरतील एवढी त्वचा व्यापली आहे, हे नोंदवून घ्या. बोटांसह आपला स्वतःचा एक तळहात म्हणजे साधारणपणे शरीराच्या पृष्ठभागाचा १ टक्का.

दुसरी मोजणी आपल्या रोजच्या जगण्याची असते. १९९४ साली ब्रिटनमधील कार्डिफ येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठी वापरतात. गेल्या आठवड्यात खाज किती सुटली, कपडे निवडताना अडचण आली का, कामावर वा शाळेत त्रास झाला का, जवळच्या माणसांशी संबंधांत बाधा आली का, असे ते प्रश्न आहेत. गुण ० ते ३०. जितके अधिक तितका त्रास मोठा. चट्टे थोडे असूनही हा आकडा मोठा येऊ शकतो. तळहातावर भेगा पडलेल्या शिंप्याला किंवा स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

या दोन आकड्यांवरून निर्णयाची एक रीत २०११ साली युरोपातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरविली. ती सोपी आहे. ठरलेल्या मुदतीत गुणांक ७५ टक्के वा अधिक उतरला तर औषध चालू ठेवावे. ५० टक्केही उतरला नाही तर उपचारात बदल करावा. सुधारणा या दोहोंच्या मध्ये असेल, तर प्रश्नावलीचा आकडा पाहावा : तो ५ किंवा त्याहून कमी असल्यास तेच औषध चालू, अधिक असल्यास बदल. येथे ‘बदल’ म्हणजे औषध फेकून देणे नव्हे. मात्रा वाढविणे, गोळीऐवजी इंजेक्शनाने तेच औषध देणे, सोबत मलम वा प्रकाशोपचार जोडणे, हेही बदलच होत.

प्रत्येक औषधाचे घड्याळ वेगळे

सायक्लोस्पोरीन झपाट्याने काम करते. चार आठवड्यांत फरक दिसू लागतो. इंटरल्यूकिन-१७ या घटकाला अडविणारी सेक्युकिनुमॅबसारखी इंजेक्शनेही पहिल्या दोन ते चार आठवड्यांतच पापुद्रे व जाडी कमी करू लागतात. मेथोट्रेक्सेट संथ आहे. फरक जाणवण्यास चार ते आठ आठवडे आणि पूर्ण परिणाम दिसण्यास सोळा किंवा त्याहून अधिक आठवडे लागू शकतात. ॲसिट्रेटिन त्याहूनही सावकाश, कित्येकदा तीन ते सहा महिन्यांनी आपला पूर्ण गुण दाखविते. त्यामुळे शेजारच्या रुग्णाला तिसऱ्या आठवड्यात आराम पडला आणि आपल्याला नाही, यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी दोघांचे औषध एकच आहे का, हे पाहावे.

औषध एकच असले तरी मात्रेमुळे चित्र पालटते. युरोप व कॅनडात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मेथोट्रेक्सेट कमी मात्रेने, आठवड्याला ७.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढविले गेले. सोळाव्या आठवड्यात ३५.५ टक्के रुग्णांत ७५ टक्के सुधारणा आढळली. त्याच चाचणीत ॲडालिमुमॅब इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण ७९.६ टक्के, आणि औषध नसलेली नकली मात्रा घेणाऱ्यांत १८.९ टक्के होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या युरोपीय चाचणीत मेथोट्रेक्सेट त्वचेखालील इंजेक्शनाने, थेट १७.५ मिलिग्रॅमपासून दिले गेले. आठव्या आठवड्यात ज्यांची सुधारणा ५० टक्क्यांपर्यंत पोहोचली नव्हती, त्यांची मात्रा २२.५ मिलिग्रॅम केली गेली. सोळाव्या आठवड्यात ४१ टक्के रुग्णांनी ती रेघ गाठली. नकली मात्रेवर १० टक्क्यांनी.

यातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली, नकली मात्रेवरही काहींना बरे वाटते, म्हणजे हा आजार आपोआप कमी-जास्त होत असतो. दुसरी, आठव्या आठवड्याची मोजणी त्या चाचणीत औषध बंद करण्यासाठी नव्हे, तर मात्रा सुधारण्यासाठी वापरली गेली. लवकर केलेल्या अंदाजाचा हा उत्तम उपयोग आहे.

लवकर केलेला अंदाज किती खरा ठरतो?

येथे थोडे गणित आवश्यक आहे. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा १०० रुग्णांनी एक औषध सुरू केले आणि सोळाव्या आठवड्यात त्यांपैकी ४० जणांना चांगला गुण आला. आठव्या आठवड्यात पाहिले तेव्हा ६० जणांत काही सुधारणा दिसत होती, ४० जणांत जवळजवळ नव्हती. शेवटी गुण आलेल्या ४० जणांपैकी ३६ जण त्या ६० मधले निघाले आणि ४ जण त्या दुसऱ्या ४० मधले.

आता पाहा. आठव्या आठवड्यात सुधारणा दिसलेल्या ६० पैकी ३६ जणांनाच शेवटी गुण आला, म्हणजे दहापैकी सहा. सुरुवातीची चांगली खूण ही हमी नव्हे. उलट, सुधारणा न दिसलेल्या ४० पैकी ३६ जणांना शेवटपर्यंत गुण आला नाही, म्हणजे दहापैकी नऊ. सुरुवातीचे ‘नाही’ हे सुरुवातीच्या ‘हो’पेक्षा अधिक भरवशाचे ठरले. तरीही आठव्या आठवड्यात सरसकट औषध थांबविले असते, तर ४ जणांचे चांगले, स्वस्त औषध विनाकारण गेले असते. डॉक्टर ‘आणखी एक महिना पाहू’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हेच चार जण असतात. मात्र ते ‘आणखी एक महिना’ तीन-चार वेळा म्हणू लागले, तर ‘गुणांक किती उतरला?’ हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

औषध सुरू होण्यापूर्वीच सांगता येईल का?

काही प्रमाणात, होय. सर्वांत साधी खूण वजनकाट्यावर दिसते. वजन जास्त असलेल्या व्यक्तींमध्ये अनेक औषधांचा, विशेषतः जैविक इंजेक्शनांचा परिणाम कमी पडतो. उस्टेकिनुमॅब या इंजेक्शनाची मात्रा १०० किलोपर्यंत ४५ मिलिग्रॅम आणि त्यापुढे ९० मिलिग्रॅम ठरविली आहे, ती याच कारणाने. स्थूल रुग्णांनी वजन उतरविले तर चट्टेही कमी होतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. तसेच पूर्वी एक जैविक औषध निष्फळ ठरले असेल, तर पुढच्या औषधाला यश येण्याची शक्यता काहीशी कमी होते. म्हणून जुन्या औषधांची नावे लपवू नयेत, विसरू नयेत.

जनुकांच्या तपासणीवर बरेच संशोधन चालू आहे. एचएलए-सी ०६:०२ हा जनुकाचा प्रकार सोरायसिसशी निगडित आहे. ब्रिटनमधील रुग्णांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हा प्रकार नसलेल्यांना उस्टेकिनुमॅबपेक्षा ॲडालिमुमॅब अधिक लागू पडते. आपल्या देशातही पुदुच्चेरी येथील जिपमर संस्थेत तमिळ रुग्णांवर मेथोट्रेक्सेट आणि जनुके यांचा संबंध तपासला गेला आहे. ब्रिटनमध्ये आणखी एक वाट शोधली जात आहे : ॲडालिमुमॅब सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील औषधाची पातळी मोजून सहा महिन्यांनंतरचा परिणाम वर्तविणे. ही सर्व दिशा आशादायक आहे. परंतु नेहमीच्या उपचारात या तपासण्या अद्याप आवश्यक मानलेल्या नाहीत. ‘कोणते औषध लागू पडेल हे जनुके पाहून खात्रीने सांगतो’ असे म्हणून कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर आधी आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

फसविणाऱ्या खुणा

आपली त्वचा सावळी वा गहूवर्णी असेल, तर चट्टे लाल न दिसता जांभळट किंवा राखाडी दिसू शकतात. चट्टा बरा झाल्यावर त्या जागी काळसर किंवा फिकट डाग काही महिने राहतो. हा डाग म्हणजे आजार नव्हे. बोट फिरवून पाहा : जागा सपाट आणि मऊ असेल, पापुद्रे सुटत नसतील, तर औषधाने आपले काम केले आहे. औषध यशस्वी होत असताना केवळ डागांकडे पाहून ते सोडणारे रुग्ण थोडे नाहीत, आणि ही चूक सर्वांत हळहळ लावणारी आहे.

ऋतूही फसवितो. अनेकांचा सोरायसिस हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. जेथे थंडी कडक पडते तेथे जानेवारीत सुरू केलेले औषध एप्रिलमध्ये प्रत्यक्षाहून गुणकारी भासेल. ऑक्टोबरमध्ये सुरू केलेले निष्फळ वाटेल. मागील वर्षी याच महिन्यांत त्वचा कशी होती, हे डॉक्टरांना सांगा.

दुकानातून आणलेले तीव्र स्टिरॉइडचे मलम, किंवा ‘खात्रीचा इलाज’ म्हणून मिळालेली पुडी हीदेखील हिशेब बिघडविते. अशा पुड्यांत काही वेळा स्टिरॉइड मिसळलेले असते. चार दिवसांत अंग स्वच्छ होते आणि श्रेय भलत्याच औषधाला जाते. पुडी एकाएकी थांबली की आजार उसळतो. क्वचित अंगभर पुवाच्या पुळ्या उठून रुग्णालयात दाखल व्हावे लागते. आपण असे काही घेत असल्यास ते सांगा. त्यासाठी कोणी आपल्याला बोल लावणार नाही. ते स्वतःहून अचानक बंद मात्र करू नका.

आणि शेवटचे : औषध खरोखर घेतले गेले का? चार आठवड्यांतील दोन मात्रा चुकल्या असतील, तर निष्फळ ठरले ते औषध नव्हे.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी

ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्यास जीव जाऊ शकतो. वार ठरवून चिठ्ठीवर, पाकिटावर आणि घरच्या दिनदर्शिकेवर तो वार लिहून ठेवा. बाजारात २.५, ५, ७.५ आणि १० मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात. पाकीट बदलले की ताकद वाचून पाहा किंवा वाचून घ्या. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी असते आणि बहुधा वेगळ्या दिवशी देतात. रंगसाधर्म्यामुळे दोहोंची अदलाबदल होऊ देऊ नका. लवकर गुण यावा म्हणून मात्रा स्वतःहून वाढवू नका.

रक्तातील पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरलेल्या दिवशी करून घ्या. मद्य वर्ज्य करा. गर्भारपणात हे औषध चालत नाही. अपत्याचा विचार असल्यास स्त्री वा पुरुष कोणीही आधी डॉक्टरांशी बोलावे. अन्य आजारासाठी कोणी को-ट्रायमॉक्सॅझोल ही जंतुविरोधी गोळी देत असेल तर आपण मेथोट्रेक्सेट घेत आहोत हे तत्काळ सांगा. ही दोन औषधे एकत्र घेणे घातक ठरू शकते. तोंडात फोड, ताप, घसादुखी, अंगावर निळसर डाग, कोरडा खोकला किंवा धाप यांपैकी काहीही दिसल्यास पुढची मात्रा न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जैविक इंजेक्शन सुचविले गेल्यास त्यापूर्वी क्षयरोग, कावीळ ब व क आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या होतील. त्या टाळू नका, आणि घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, हे आठवून सांगा.

तपासणीस येताना

औषध सुरू होण्याच्या दिवशी दोन-तीन ठरलेल्या चट्ट्यांची छायाचित्रे काढा. दर चार आठवड्यांनी त्याच जागी, खिडकीच्या त्याच उजेडात, तितक्याच अंतरावरून पुन्हा काढा. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखालचे छायाचित्र तुलनेस निरुपयोगी असते. एका वहीत मात्रेचा वार, चुकलेल्या मात्रा, वजन आणि खाजेला ० ते १० पैकी गुण लिहा. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडतात का, बोट अखंड सुजते का, टाच दुखते का, नखांवर खड्डे पडले का, हेही नोंदवा. त्वचा सुधारत असताना सांधे बिघडू शकतात, आणि तेव्हा निर्णय वेगळा होतो.

लिहिणे जमत नसेल तर घरातील शाळकरी मुलास ही वही सोपवा किंवा आशाताईंची मदत घ्या. पहिल्या तपासणीनंतर पुढच्या दोन तारखा, म्हणजे दुष्परिणाम आणि मात्रा पाहण्याची व परिणाम ठरविण्याची, केसपेपरवर लिहून घेऊनच केंद्रातून निघा.